पॅरिश कौन्सिल म्हणजे चर्चची कमिटी नव्हे

‘पॅरिश’, म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतला भाग, म्हटलं की पाद्री आठवतो. त्यामुळे इंग्लंडच्या खेड्यातली पॅरिश कौन्सिल चर्चवाले चालवतात, हा समज पक्का. तो १८९४ सालीच शिळा झाला. त्या वर्षीच्या कायद्याने गावकारभार चर्चच्या ‘व्हेस्ट्री’ सभेकडून काढून लोकनियुक्त कौन्सिलकडे दिला. विवाहित स्त्रियाही तिथे मत देऊ लागल्या, निवडणुकीला उभ्या राहू लागल्या. चर्चची समिती आजही आहे, पण वेगळी. नाव जवळपास तेच, म्हणून घोटाळा.

ही आपली ग्रामपंचायतच म्हणा, फक्त हात आखूड. बाकडी, बसथांबे, दफनभूमी, भाजीपाल्यासाठी भाड्याने द्यायचे जमिनीचे तुकडे, एवढा पसारा. बांधकामाच्या अर्जांवर ती मत देते, निकाल वरच्या कौन्सिलचा. खर्च कौन्सिल टॅक्समधल्या, म्हणजे घरांवरच्या स्थानिक करातल्या, छोट्या वाट्यातून. रस्त्यातला खड्डा? तो बहुधा काउंटीचा, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या कौन्सिलचा. शिव्या मात्र हिला.