डिझेल हायब्रिडचं घोडं कुठे अडतं?

लोंढ्याहून कॅसलरॉककडे वर्षानुवर्षं मालगाड्या ओढत आलेलं इंजिन ‘डिझेल-इलेक्ट्रिक’, मग घरच्या छोट्या गाडीत तीच जोडी बसवायला कंपन्यांना काय धाड भरलीय? खानापूर-बेळगावकडे हायब्रिडचा, म्हणजे इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेल्या गाडीचा, विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि पाठोपाठ ‘सगळा पेट्रोल खपवायचा डाव’ हे उत्तरही.

रेल्वेत डिझेल इंजिन अल्टरनेटर फिरवतं आणि त्या विजेवर चाकांच्या मोटरी चालतात. हा खटाटोप इंधन वाचवण्यासाठी नाही. चार हजार अश्वशक्तीच्या इंजिनाने हजारो टनांची गाडी जागेवरून हलवायची तर कुठलाही क्लच टिकणार नाही, म्हणून गिअरबॉक्सच्या जागी वीज आणली. गाडी ओढायला बॅटरी तिथे नसतेच. कॅसलरॉक ते कुळे हा १:३७ चढणीचा घाट उतरताना मोटरींचं जनित्र करून वेग आवरतात खरा, पण तयार झालेली वीज रेझिस्टरच्या जाळ्यांत तापवून पंख्याने हवेत फुंकून देतात. छोट्या गाडीत हीच मांडणी केली तर जनित्र, इन्व्हर्टर आणि मोटर मिळून पंधराएक टक्के ऊर्जा वाटेतच खातील. साधा मॅन्युअल गिअरबॉक्स चार-पाच टक्क्यांत भागवतो.

मग पेट्रोल हायब्रिडला फायदा होतो तो कुठून? त्यासाठी थ्रॉटलकडे बघायला हवं. पेट्रोल इंजिनात एक ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा हे प्रमाण सांभाळावं लागतं, नाहीतर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सगळे वायू नीट साफ करू शकत नाही. त्यामुळे ताकद कमी हवी असली की पेट्रोलबरोबर हवाही कमी करावी लागते, आणि ते काम थ्रॉटलची चकती करते. चकती मिटत आली की तिच्या पलीकडे दाब उतरतो आणि खाली जाणाऱ्या प्रत्येक पिस्टनला त्या पोकळीविरुद्ध जोर लावावा लागतो.

हा जोर केवढा? बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, म्हणून बाहेर हवेचा दाब सुमारे ०.९२ बार. १.२ लिटरचं इंजिन २००० आरपीएमवर चाललंय आणि आतल्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे थ्रॉटलच्या पलीकडच्या हवेच्या नळीत, ०.४ बार आहे असं धरा. फरक ०.५२ बार, त्याला १.२ लिटरने गुणलं की एका चक्राला साधारण ६२ जूल. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांचं एक चक्र, म्हणजे सेकंदाला साडेसोळा चक्रं. हिशेब एक किलोवॉटवर येतो. आता हीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने चालवायला चाकांना लागतात जेमतेम तीन-साडेतीन किलोवॉट. हवा ओढण्यातच एवढा खर्च! हायब्रिड नेमकी हीच गळती बुजवतं: कमी ताकद हवी तेव्हा इंजिन बंद, आणि चालू असेल तेव्हा थ्रॉटल बऱ्यापैकी उघडा, वरची ताकद बॅटरीत.

डिझेल इंजिनात ही गळती मुळातच नसल्यात जमा आहे. तिथे दर वेळी सिलिंडर भरून हवा आत येते. ताकद ठरते ती फक्त किती डिझेल फवारलं यावर. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, एका ग्रॅम डिझेलला ८० ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त हवा, पूर्ण भाराला १८-२०. (नव्या डिझेलमध्येही एक चकती सापडते, पण ती मुख्यतः ईजीआरसाठी, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात घेण्यासाठी, आणि बंद होताना बसणारा झटका मारण्यासाठी.) घर्षण उरतं, सिग्नलवरचा खर्च उरतो, ब्रेकिंगची ऊर्जा उरते, हायब्रिडला कमाई करायची ती एवढ्यातच.

तीही सौम्य हायब्रिडला, म्हणजे छोटी मोटर नुसती मदतीला असलेल्या गाडीला, फारशी जमत नाही. २०१५ मध्ये मारुतीने सियाझ आणि अर्टिगाच्या १.३ लिटर डिझेलला एसएचव्हीएस जोडलं: अल्टरनेटरच्या जागी बेल्टवरचा स्टार्टर-जनरेटर आणि १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी. सियाझचा दावा होता लिटरला २८.०९ किलोमीटर. माणसांसह १४०० किलोची गाडी ताशी ६० वरून चार सेकंदांत थांबवली तर सरासरी ४८ किलोवॉट मोकळे होतात. असला जनरेटर झेलणार दोनेक किलोवॉट, बाकी सगळं ब्रेकपॅडच्या उष्णतेत. खरा उपयोग टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर: न्यूट्रल करा, क्लच सोडा, इंजिन बंद, क्लच दाबला की सुरू. एप्रिल २०१७ मध्ये सरकारने सौम्य हायब्रिडचं अनुदान काढलं आणि २०२० मध्ये धुराच्या बीएस-६ नियमांबरोबर मारुतीचं डिझेलच गेलं.

पूर्ण डिझेल हायब्रिडही झाले. प्यूजो ३००८ हायब्रिड४ मध्ये पुढे दोन लिटर डिझेल आणि मागच्या चाकांना २७ किलोवॉटची मोटर होती. फोक्सवॅगनच्या एक्सएल१ मध्ये ०.८ लिटरचं दोन सिलिंडरी डिझेल, पण गाड्या काढल्या अवघ्या २५०. डिझेल जबर दाबाने फवारणारी महागडी कॉमन-रेल, धुराचं शुद्धीकरण, वर बॅटरी आणि मोटर, असा सगळा खर्च छोट्या गाडीच्या किमतीत बसत नाही.

त्यात धुराचं दुखणं वेगळंच. डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीतली, काजळी जाळायला साधारण ६०० अंश लागतात, नायट्रोजन ऑक्साइड मारणाऱ्या युरियाच्या फवाऱ्याला निदान २०० च्या आसपास. हायब्रिडमध्ये इंजिन सारखं बंद होतं, सायलेन्सर निवतो. डीपीएफ तापवायला उशिरा फवारलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि प्रक्रिया मध्येच तुटली की ती पुन्हा पहिल्यापासून.

इंधनाच्या पाइपला चुंबक बांधून किंवा पाण्यातून हायड्रोजन काढणारं किट लावून ॲव्हरेज वाढवणारे महाभाग आहेतच. डिझेलच्या रेणूंना चुंबकाचं सोयरसुतक नसतं, आणि किटला लागणारी वीज अल्टरनेटर इंजिनाकडूनच घेतो, वाटेत बरीचशी वाया घालवून. त्यापेक्षा बोनेटला लिंबू-मिरची बरी, ती डिझेल तरी पीत नाही.

जुनी एसएचव्हीएस डिझेल घेणाऱ्याने आधी बॅटरी बघावी. स्वस्तात साधी बॅटरी टाकलेली असेल तर ती वारंवारच्या स्टार्टला दमते आणि ऑटो-स्टॉप गपचूप काम थांबवतो. स्टार्ट-स्टॉपसाठीचीच, म्हणजे ईएफबी प्रकारची हवी. या गाडीत बेल्टवर दोन्ही दिशांनी ताण येतो, एकदा जनरेटर फिरवताना आणि एकदा हवा जबर दाबणारं इंजिन सुरू करायला ढकलताना. म्हणून बेल्टच्या भेगा आणि तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरची खडखड तपासावी. बीएस-६ डिझेल असेल तर सपाट जागी इंजिन गार असताना डिपस्टिक काढा. ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलेलं असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर वर्कशॉप गाठण्याआधी गाडी वंटमुरीच्या घाटात चढवू नका.