आमच्या ऑफिसात पेनड्राइव्ह का चालत नाही

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आमचं ऑफिस, नवीन पोरगं लागलं की पहिल्याच आठवड्यात विचारतं, इथं पेनड्राइव्ह का चालत नाही ओ? नीट उत्तर कुणालाच येत नाही, नियम मात्र कडक.

झालं असं की 12 मे 2017, शुक्रवार, वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस आला. दीडशे देशांत कॉम्प्युटर लॉक, सोडवायचे तर बिटकॉइन द्या, शनिवार-रविवार टीव्हीवर तेच, सोमवारी मालकांनी सगळ्यांचे पेनड्राइव्ह गोळा करून कपाटात टाकले. आता गंमत बघा, तो पेनड्राइव्हनं येतच नव्हता, विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या भोकातून नेटवर्कवर आपोआप पसरायचा, कुणी क्लिक करायचीपण गरज नाही. आणि ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेलं! आमच्याकडं अपडेट आजपण 'नंतर बघू'.

मग ऑगस्ट 2018, पुण्याची कॉसमॉस बँक. 94 कोटी गेले, त्यातले बरेचसे 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत काढलेले. हे मात्र लई लागलं, कारण सोलापुरात सहकारी बँक म्हणजे घरचा विषय, प्रत्येकाचं कुठंतरी खातं आहेच. आमच्या अकाउंटच्या काकांनी त्याच आठवड्यात पिन बदलला. चोरांनी खोटा स्विच, म्हणजे एटीएमच्या व्यवहाराला बँकेतर्फे होकार देणारी यंत्रणा, उभा करून त्यातून मंजुऱ्या दिल्या होत्या, काकांच्या पिनचा त्यात काय संबंध, पण धसका तो धसका. तेव्हापासून पैशाचं काहीही बदललं की काका आधी फोन लावतात, तोपण मेलमधल्या नंबरवर नाही, स्वतःच्या वहीतल्या. दोन वर्षांनी सूतवाल्या व्यापाऱ्याच्या नावानं मेल आला, बँक खातं बदललंय, पेमेंट नवीन खात्यात टाका. काकांनी फोन केला तर तो म्हणतो, मी कशाला बदलू खातं?

याच्या उलटं पण झालंय. डिस्पॅचच्या ताईंनी कुरिअरच्या नावानं आलेल्या खोट्या लिंकवर क्लिक केलं, स्वतःहून येऊन सांगितलं, आणि सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. पुढच्या वेळी एकानं भलत्याच पानावर मेलचा पासवर्ड टाकला तर चार दिवस चिडीचूप. 2022 पासून सर्ट-इनचा, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, नियम आहे, असलं काही झालं की सहा तासांत कळवायचं. सहा तास कशाचे, शेजारच्या टेबलवाल्यालापण पत्ता नव्हता.

काका येत्या मार्चला रिटायर होतायत. वही घरी नेणार म्हणतात, त्यात नातेवाइकांचेपण नंबर आहेत.