तेजोमेघांचा हिरवा रंग आणि पुण्यातली वेधशाळा

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात मृगातल्या तेजोमेघावर (अंतराळातल्या वायू-धुळीच्या चमकत्या ढगावर), म्हणजे एम ४२ वर दुर्बीण लावली की रांगेतून हमखास ऐकू येतं, "फोटोत तर गुलाबी असतो!" मग आयोजक समजावतात की रंग कॅमेऱ्यालाच दिसतात, डोळ्याला सगळं राखाडी. उत्तर सोयीचं आहे, पण पुरतं खरं नाही. छायाचित्रणाच्या कितीतरी आधी निरीक्षकांनी तेजोमेघांचे रंग नोंदवून ठेवले होते. त्यातल्या हिरव्या रंगाने तर शास्त्रज्ञांना तब्बल ६३ वर्षं चकवलं.

विल्यम हर्शेल यांनी ज्या लहान, वाटोळ्या तेजोमेघांना 'ग्रहसदृश' म्हटलं, त्यांच्यात निळसर-हिरवी छटा अनेकांना दिसत आली आहे. त्यांचे चिरंजीव जॉन हर्शेल १८३४ ते १८३८ या काळात दक्षिण आफ्रिकेतून आकाश पाहत होते. नरतुरंगातला एक ग्रहसदृश तेजोमेघ (एनजीसी या खगोलीय यादीतला क्रमांक ३९१८) त्यांनी चक्क निळा नोंदवला. त्रिशंकूमधल्या एका तारकागुच्छाला त्यांनी रंगीत रत्नांच्या पेटीची उपमा दिली. तारे बिंदूसारखे असल्याने त्यांचे रंग दिसणं सोपं असतं, खरं कोडं तेजोमेघांचं होतं.

२९ ऑगस्ट १८६४ च्या रात्री लंडनजवळच्या आपल्या खासगी वेधशाळेत विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या ग्रहसदृश तेजोमेघाकडे (एनजीसी ६५४३) वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून दाखवणारं उपकरण, वळवला. ताऱ्यासारखा रंगांचा सलग पट्टा दिसायला हवा होता, पण दिसली एकच ठळक रेघ. आधी त्यांना उपकरणातला लोलक हलल्याचीच शंका आली. पण रेघ खरी होती आणि हिरव्या भागात होती. म्हणजे हा ताऱ्यांचा पुंजका नव्हता, तापलेला वायू होता. वायू कोणता, हे मात्र कळेना. पृथ्वीवरचं कुठलंच मूलद्रव्य त्या रेघेशी जुळत नव्हतं, तेव्हा 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्य कल्पून पाहिलं गेलं.

१८८७ च्या सुमारास ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी वेगळंच सांगितलं: ही रेघ मॅग्नेशियमची, आणि तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे. रेघ मॅग्नेशियमची असेल तर तिची एक कड विरत गेलेली दिसायला हवी. या वादात पुणं आलं. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली होती, आणि तिथे ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण होती. वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातल्या तेजोमेघाची ती हिरवी रेघ तपासली. ती सुबक आणि धारदार निघाली, विरणारी कड कुठेच नाही. १८९१ मध्ये हे निरीक्षण लंडनला प्रसिद्ध झालं आणि लॉकयर यांची बाजू लंगडी पडली. कॅलिफोर्नियातून जेम्स कीलर यांच्या मोजमापांनीही तेच सांगितलं. पुण्याच्या वैज्ञानिक इतिहासात या कामाची आठवण फारशी निघत नाही, हे मला खटकतं. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

उत्तर १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दिलं. नवं मूलद्रव्य वगैरे काही नाही. तो आपलाच ऑक्सिजन, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. तेजोमेघातला वायू इतका विरळ असतो की असा अणू धक्का न लागता पुरेसा वेळ राहतो आणि ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास हिरवा प्रकाश सोडतो. प्रयोगशाळेतल्या निर्वातातसुद्धा त्याला ही उसंत मिळत नाही.

आता डोळ्याचं. मंद प्रकाशात पाहणाऱ्या शलाका-पेशी आणि रंग ओळखणाऱ्या शंकू-पेशी हा भेद माक्स शुल्त्से यांनी १८६६ मध्ये मांडला. शलाकांना रंग कळत नाही, आणि फोटोत गुलाबी रंग आणणारा, तेजोमेघातल्या हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश तर त्यांना जवळपास दिसतच नाही. शंकू जागे व्हायला पृष्ठभाग पुरेसा तेजस्वी लागतो. दुर्बीण तेजोमेघ मोठा करून दाखवते, पण त्याच्या पृष्ठभागाची तेजस्विता नुसत्या डोळ्याला दिसते त्याहून वाढवू शकत नाही. म्हणून आरसा कितीही मोठा घेतला तरी फोटोतला गुलाबी रंग तसाच्या तसा मिळत नाही. मृगातल्या तेजोमेघाचा मधला भाग मुळातच तेजस्वी असल्याने तिथे हिरवट झाक दिसते, आणि मोठ्या दुर्बिणीतून काहींना तांबूसही.

मग गुलाबी अपेक्षा आली कुठून? हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी घेतलेलं मृगातल्या तेजोमेघाचं पहिलं छायाचित्र एकरंगीच होतं. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेची रंगीत फिल्मवरची चित्रं १९५९ मध्ये लोकांसमोर आली, पुढे ऑस्ट्रेलियातून डेव्हिड मॅलिन यांची. फिल्मला तांबडा प्रकाश साठवता येतो, डोळ्याला नाही. हबल या अवकाश दुर्बिणीच्या १९९५ च्या गरुड तेजोमेघाच्या चित्रात तर हायड्रोजन हिरवा आणि ऑक्सिजन निळा रंगवला आहे. म्हणजे तिथला हिरवा हगिन्स यांचा हिरवा नव्हेच.

रंगच बघायचा असेल तर दीर्घिकांच्या मागे लागू नये, त्या राखाडीच राहतात. लहान, तेजस्वी ग्रहसदृश तेजोमेघ निवडावेत: कालेयातला तो किंवा देवयानीतला एनजीसी ७६६२. अंधूक वस्तू पाहताना नजर जरा बाजूला ठेवायची सवय इथे मोडावी. शंकू-पेशी दृष्टिपटलाच्या मध्यावर दाटलेल्या असतात, म्हणून सरळच बघावं.