दुय्यम सदनिका : क्षेत्रफळाची मर्यादा (ब्रिटिश कोलंबिया)

दुय्यम सदनिका (सेकंडरी स्वीट) : राहत्या घरातच वेगळे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बहुधा वेगळे दार काढून थाटलेले दुसरे बिऱ्हाड. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ते बहुतेक वेळा तळघरात असते आणि भाड्याने दिले जाते. घरांच्या किमती तेथे इतक्या चढ्या आहेत, की अनेक मालकांचा कर्जाचा हप्ता या भाड्याच्या आधाराने सुटतो. भाडेकरूंनाही त्यातल्या त्यात परवडणारी जागा मिळते. शिकायला गेलेली मराठी मुले ‘बेसमेंट’ म्हणतात ते हेच. प्रांताच्या बांधकाम संहितेने या सदनिकेच्या आकारावर घातलेली मर्यादा डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली.

मर्यादा दुहेरी होती. सदनिका ९० चौ. मी.पेक्षा (सुमारे ९७० चौ. फूट) मोठी नसावी आणि इमारतीच्या राहण्यायोग्य क्षेत्रफळाच्या ४० टक्क्यांच्या आत असावी. मध्यम आकाराच्या घरांना पहिली अट क्वचितच आड येई. अडत असे ते दुसरीपाशी. वर ८४ चौ. मी.चा मजला आणि खाली तेवढेच तळघर, असे साधे घर घेऊ. एकूण १६८ चौ. मी., त्याचे ४० टक्के म्हणजे सुमारे ६७. उरलेल्या १७ चौ. मी.चे, म्हणजे चांगल्या ऐसपैस खोलीचे, काय करायचे? ती भिंत घालून वरच्या बिऱ्हाडाला जोडायची, नाही तर नियमाकडे काणाडोळा करून भाडेकरूला द्यायची. दोन्ही मजले सारखे असलेल्या घरात अख्खे तळघर भाड्याने देणे या हिशेबात बसतच नव्हते.

ही अट निव्वळ अडवणूक होती असे मात्र नाही. दोन बरोबरीच्या घरांच्या जोडघराला आगीसंबंधीचे नियम अधिक कडक असतात. दुय्यम सदनिकेला त्यांत सूट मिळते. ‘दुय्यम’ कोणाला म्हणायचे हे क्षेत्रफळावरून ठरत असल्यामुळे सूटही त्यावरच अवलंबून राहिली. प्रत्यक्षात जीव वाचवणारे नियम निराळेच आहेत : दोन बिऱ्हाडांमधले अग्निरोधक विभाजन, एक वाजला की दुसराही वाजेल असे जोडलेले धूरसूचक आणि झोपण्याच्या खोलीची खिडकी. थेट बाहेर उघडणारे दार किंवा स्प्रिंकलर नसेल, तर ही खिडकी किल्ली-हत्याराविना आतून उघडली पाहिजे, उघडल्यावर किमान ०.३५ चौ. मी. जागा मोकळी झाली पाहिजे आणि ती कुठल्याही बाजूने ३८० मिमी.पेक्षा अरुंद नसावी. मोठ्या माणसाला अंग चोरून बाहेर पडता येईल, एवढेच हे माप आहे. सदनिका ६० चौ. मी.ची असो वा ९५ची, खिडकी तेवढीच लागते.

२०१९ च्या दुरुस्तीने जोडघरे आणि ओळीतली घरे यांतही दुय्यम सदनिकेला वाट मोकळी झाली. ती मुख्य घरापासून वेगळी काढून विकता येत नाही, ही अट मात्र कायम आहे. व्हँकुव्हर शहराचे बांधकाम उपविधी स्वतंत्र आहेत. तेथे एककुटुंबी घरांच्या सर्व भागांत अशा सदनिकांना २००४ मध्येच परवानगी मिळाली होती.

संहितेतून मर्यादा गेली, तरी नगरपालिकेला भूवापराच्या नियमांतून ती ठेवता येते, आणि काही ठिकाणी जुने आकडे तसेच राहिले. २०२३ मध्ये प्रांताने कायदा करून एककुटुंबी घरांच्या भागांत दुय्यम सदनिकेला किंवा आवारातल्या वेगळ्या छोट्या घराला परवानगी देणे नगरपालिकांवर बंधनकारक केले. भाडे किती असावे, याबद्दल बांधकाम संहिता काहीच म्हणत नाही. मोठी सदनिका स्वस्त पडत नाही. मुलेबाळे असलेल्या कुटुंबाला मावण्याजोगी जागा कायद्यात बसते, एवढेच.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२० पासून उलटी वाट धरली : शहरांनी कमाल मर्यादा घालावी, पण ती ८५० चौ. फुटांखाली आणि एकाहून अधिक शयनगृहे असल्यास १,००० चौ. फुटांखाली आणू नये.