गच्चीवरचा बंब आणि व्हाइट हाउसचं छप्पर

आमच्या सोसायटीत सकाळी पहिल्या मजल्यावर सोलरचा नळ सोडला की आधी बादलीभर गारच पाणी येतं. गच्चीवरच्या टाकीत पाणी कडकडीत असतं, पण रात्रभर पाइपात साठलेलं गार पाणी अगोदर बाहेर पडायला हवं ना! नवे भाडेकरू दोन मिनिटं नळाखाली बोट धरतात, "सोलर बंद आहे" म्हणतात आणि गीझर लावतात.

हवामानबदल आणि राजकारण असा विषय निघाला की मला हा नळ आठवतो. आणि जिमी कार्टर.

20 जून 1979 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर पत्रकारांना घेऊन व्हाइट हाउसच्या छपरावर गेले. तिथे 32 सोलर पॅनेल बसवली होती. वीज तयार करणारी नव्हेत, पाणी तापवणारी. म्हणजे आपल्या गच्चीवरच्या सोलर बंबाची भावंडंच. इराणमधल्या क्रांतीनंतर तेलाची टंचाई होती, पेट्रोलपंपांवर रांगा लागत होत्या. कार्टर म्हणाले की सूर्याची कोणी नाकेबंदी करू शकत नाही. 2000 सालापर्यंत देशाची 20 टक्के ऊर्जा सूर्यापासून आणि इतर अक्षय स्रोतांपासून मिळवायची, असं उद्दिष्टही त्यांनी जाहीर केलं. पुढे त्यांनी असंही म्हणून ठेवलं, की एका पिढीनंतर हा बंब एक तर न घेतलेल्या वाटेची खूण म्हणून संग्रहालयात असेल, नाही तर एका मोठ्या साहसाचा छोटासा भाग ठरेल.

त्यातलं एक पॅनेल आज खरोखरच स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

ही गोष्ट नेहमी अशी सांगतात: कार्टर द्रष्टे, आणि 1986 मध्ये पॅनेल उतरवणारे, त्यांच्यानंतरचे अध्यक्ष रेगन खलनायक. मला ती अर्धवट वाटते. पॅनेल छपराच्या दुरुस्तीसाठी काढली आणि परत चढवली नाहीत, एवढंच. खरा घाव त्याआधीच बसला होता. सौरऊर्जेच्या संशोधनाचा निधी रेगन यांच्या काळात निर्दयपणे कापला गेला आणि घरगुती बंबांवरची करसवलत 1985 च्या अखेरीस संपू दिली गेली. छपरावरची पॅनेल निदान फोटोत दिसतात. अंदाजपत्रकातल्या कात्रीचा फोटो कोण काढणार?

आणि कार्टर? जुलै 1977 मध्ये त्यांचे विज्ञान सल्लागार फ्रँक प्रेस यांनी त्यांना एक टिपण दिलं होतं. विषय होता कोळसा-तेलातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. परिणाम 2000 नंतर लवकरच दिसू लागतील, पण तेव्हा झटपट दुसऱ्या इंधनांकडे वळणं जमणार नाही, असा त्याचा आशय. पुढे ऊर्जामंत्री झालेल्या जेम्स श्लेसिंजर यांनी शेरा मारला, की अध्यक्षांनी लक्ष घालावं इतकी ही बाब अजून निश्चित नाही. छपरावरच्या त्या समारंभाला महिना व्हायच्या आतच, कोळसा आणि तेलयुक्त खडकांपासून कृत्रिम इंधन बनवण्याची प्रचंड योजना कार्टर यांनी मांडली. हे इंधन खनिज तेलापेक्षाही जास्त कार्बन ओकणारं!

त्याच 1979 च्या जुलैत, अमेरिकेतल्या वुड्स होल या समुद्रकाठच्या गावी, हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी यांच्या नेतृत्वाखाली नऊ शास्त्रज्ञ जमले. प्रश्न एकच: हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल?

बंबाच्या काचेतून ऊन आत येतं, पण तापलेल्या पत्र्याची उष्णता सहजी बाहेर पडत नाही. वातावरणाला हीच उपमा देतात, पण ती थोडी तिरकी आहे. काच मुख्यतः वारा अडवते. पृथ्वीवर असं झाकण नाही. जमिनीतून निघणारे अवरक्त, म्हणजे उष्णतेचे अदृश्य किरण कार्बन डायऑक्साइडचे रेणू शोषतात आणि पुन्हा सगळ्या दिशांना फेकतात. हा वायू वाढला की उष्णता अवकाशात निसटते ती आणखी वरच्या थरातून. वरची हवा थंड, आणि थंड वस्तू कमी किरणं टाकते. आवक तेवढीच, जावक कमी. जमाखर्च पुन्हा जुळेपर्यंत खालचं सगळं तापत राहतं.

चार्नी गटासमोर मुख्यतः हवामानाची दोन संगणकी प्रारूपं होती, स्युकुरो मानाबे यांचं आणि जेम्स हॅन्सन यांचं. उत्तर निघालं सुमारे 3 अंश सेल्सिअस, दीड अंश इकडे किंवा तिकडे. 2021 मध्ये आयपीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाने दिलेला सर्वोत्तम अंदाजही 3 अंशच आहे. त्याच वर्षी मानाबेंना नोबेल मिळालं.

पण माझ्या मते त्या अहवालातली मोलाची गोष्ट दुसरीच आहे. महासागर उष्णता पोटात घेतात, त्यामुळे तापमानवाढ उशिरा दिसते. प्रस्तावनेत हवामानशास्त्रज्ञ व्हर्नर सुओमी यांनी बजावलं होतं, की थांबून पाहू म्हणाल तर फार उशीर होईपर्यंत थांबलेले असाल. म्हणजे आमच्याच नळाची गोष्ट, फक्त उलटी. इथे गार पाणी येतंय म्हणून लोक निर्धास्त, आणि टाकी वर तापतेच आहे. त्यात अध्यक्षाची मुदत चार वर्षांची, पाइप काही दशकांचा. आज केलेल्या काटकसरीचा गुण पुढच्या पुढच्या कोणाला मिळणार आणि त्रासाची शिवी आजच्याला. अशा वेळी केवळ मतांच्या हिशेबाने कोणी का हलावं? नैतिक नेतृत्व म्हणतात ते इथे लागतं. आणि कार्टरसारखा सचोटीचा माणूसही इथे अर्ध्यावरच पोचला.

1979 मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआच्या वेधशाळेत हवेच्या दहा लाख भागांमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 337 भाग नोंदले गेले. 2024 मध्ये, कार्टर गेले त्या वर्षी, सुमारे 424.

वयाच्या 92 व्या वर्षी कार्टर यांनी प्लेन्स या आपल्या गावातली दहा एकर जमीन सौर प्रकल्पाला भाडेपट्ट्याने दिली. तिथे पूर्वी भुईमूग आणि सोयाबीन पिकायचं. गावाच्या निम्म्याहून अधिक गरजेइतकी वीज त्या शेतातून निघते.