वीरगळ की गधेगाळ? आधी दगडाचा पायथा पाहा

कोकणात ग्रामदेवतेच्या देवळापुढे, पारावर किंवा तळ्याच्या काठाला कंबरेएवढे काळे दगड उभे दिसतात. माथ्यावर चंद्र-सूर्य, कधी कलश, खाली चौकटी आणि चौकटींत झिजलेल्या आकृत्या. हौशी मंडळी अशा प्रत्येक दगडाला सरसकट वीरगळ म्हणतात आणि फसतात ती इथेच, कारण त्यांतला एखादा गधेगाळ असतो. वीरगळ ही लढताना पडलेल्या माणसाची आठवण आणि गधेगाळ हा जमिनीचा दस्तऐवज. एकाचा अर्थ दुसऱ्याला लावला की गावाचा इतिहासच उलटा सांगितला जातो.

गोंधळाला नावंही हातभार लावतात. वीरगळमधला ‘गळ’ कानडी ‘कल्लु’पासून आला, म्हणजे दगड. गधेगाळमधला ‘गाळ’ म्हणजे शिवी, असा अर्थ सहसा लावतात. ‘गधेगळ’ असं लिहिलं की दोन्ही एकाच कुळातले वाटू लागतात.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत वीर मरून आडवा पडलेला किंवा झुंजताना दिसतो. त्याच्या वर दोन बाजूंनी धरून त्याला वर नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवपिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर. मरण पायथ्याला, कैलास माथ्याला. माणूस कशासाठी मेला याचं उत्तर तळाच्या चौकटीत असतं. तिथे गाईंची रांग असेल तर तो गावचं गोधन सोडवताना पडला. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर लढाऊ गलबतं कोरलेली आहेत, बाजूला ओळीने वल्ही काढलेली. या किनाऱ्यावर आरमारी लढाया होत होत्या याचा इतका थेट चित्रपुरावा दुसरीकडे सहज मिळत नाही. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. त्यामुळे तलवारीचा बाक, ढालीचा आकार, केसांचा बुचडा, गलबताची ठेवण यांवरूनच काळ आणि माणसं ओळखावी लागतात.

गधेगाळ मात्र वरून खाली उतरतो. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, तळाला गाढव आणि त्याच्याखाली स्त्री. लेखात शके, राजाचं नाव, दिलेली जमीन किंवा उत्पन्न, कोणाला दिलं ते, आणि शेवटी हे दान मोडणाऱ्याला शाप. परळच्या शिलालेखातला शाप असा आहे : ‘तेहाची माय गाढवें झविजे’. हे शब्द आज तोंडातून निघत नाहीत, पण ते सोवळे करून सांगितले तर दगड कळत नाही. दान मोडणार कोणीतरी अधिकारी किंवा जमीनदार आणि विटंबना त्याच्या आईची. त्या काळी पुरुषाला सर्वांत मोठा धाक कशाचा होता आणि तो कोणाच्या देहावरून घातला जात होता, हे यात उघडं पडतं. आमच्या मते गधेगाळ बघताना हे टाळून पुढे जाऊ नये.

परळचा हा लेख शिलाहार राजा अपरादित्याचा. दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि शाप मराठीत. राजाचं दान संस्कृतात शोभत होतं, पण धमकी ज्याच्या कानावर पडायला हवी त्याच्या बोलीत हवी होती. ज्याला वाचताच येत नव्हतं त्याच्यासाठी तळाचं चित्र होतं. लेखातला शक ११०८. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे ११८६. पण महिना माघ आहे, तो जानेवारीच्या सुमारास येतो, म्हणून सन ११८७ धरावा लागतो. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखांना ही एका वर्षाची चूक हमखास होते. पडताळा संवत्सराच्या नावाने घ्यावा: शके ११०८ हा पराभव संवत्सर. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाचा शक ९३४ असा वाचला जातो, म्हणजे सन १०१२. शेजारच्या नागावच्या लेखात तर हिजरी ७६९ आणि शके १२८९ अशा दोन्ही गणना एकाच दगडावर आहेत. बंदरपट्टीत दोन्ही कालगणनांचा व्यवहार चालत होता, हे एवढ्या दोन आकड्यांवरून समजतं.

आता फसवणाऱ्या खुणा. चंद्र-सूर्यावरून निदान करू नका, ते दोन्हींवर असतात. अर्थ इतकाच की चंद्र-सूर्य असतील तोवर वीरगळावरची कीर्ती टिको, गधेगाळावरचं दान चालो. तळाला गाय-वासरू असेल तर तो धेनुगळ, तोही दानाचाच. कोपरात काटकोनात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर सतीशिळा. झिजलेलं गाढव घोड्यासारखं दिसतं. तेव्हा पाठीकडे पाहा: वीरगळावरच्या घोड्यावर बहुधा स्वार असतो, गाढवाची पाठ रिकामी आणि आकृती पोटाखाली.

पाहायला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, शेवाळ वाळल्यावर. ऊन तिरपं असताना, म्हणजे सकाळी आठ-नऊच्या आत किंवा संध्याकाळी. त्याहून चांगलं म्हणजे अंधारात बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा सोडायचा. प्रकाश वरून, खालून, डावीकडून आणि उजवीकडून टाकून चार फोटो घ्या, कॅमेरा मात्र एकाच जागी. एका फोटोत न दिसलेली रेघ दुसऱ्यात उठून येते. शेजारी मोजपट्टी ठेवा. उंची, रुंदी, जाडी, तोंड कोणत्या दिशेला आणि चौकटी किती, हे लिहून घ्या. सफाईला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेचा ब्रश आणि ॲसिड अक्षराची धारच खातात. अक्षरं उठावीत म्हणून खडूने गिरवू नका, कारण पुढचा वाचणारा तुमचा अंदाज वाचतो. तेल-शेंदराचे थर जुने असतील तर हात न लावता पुरातत्त्व खात्याला कळवा. रत्नागिरीला त्यांचं विभागीय कार्यालय आहे.

सर्वांत मोठं नुकसान जीर्णोद्धारात होतं. विखुरलेले दगड आणून ओळीने सिमेंटमध्ये घट्ट बसवतात आणि तळाची वीतभर चौकट गडप होते. वीरगळाच्या मरणाचं कारण गेलं, गधेगाळाचं गाढव गेलं, उरले चंद्र-सूर्य, आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. गधेगाळाच्या बाबतीत जागा सोडली की जमीनही हरवते, कारण दगड बहुधा दान दिलेल्या भूमीतच रोवलेला असतो. सिमेंट आधीच झालं असेल तर छिन्नी लावू नका. ‘खालची चौकट दिसत नाही’ अशी नोंद करा, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा की दगड आधी कुठल्या शेतात होता.

दगड बसवण्याचं काम अजून व्हायचं असेल तर त्याचा बुंधा पाहा. कोरीव भागाखाली तो न घडवलेला, खडबडीत असतो. पूर्वी तेवढाच पुरलेला असे. खडबडीत भाग संपतो ती मूळ जमिनीची रेघ. दगड पुन्हा उभा करताना माती त्या रेघेपर्यंतच भरायची, भोवती वाळू आणि चिपा ठोकून बसवायच्या, सिमेंटचा थेंबही नको.