उन्हामुळे गरिबी? काका, थांबा जरा

इंदूरला राजवाड्याजवळ पोहे खाताना आमचे काका हमखास म्हणतात, "गरम देश गरीबच राहणार, उन्हात माणूस सुस्तावतो."

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम 140 किलोमीटरवर आहे. घाम बारमाही, तरी श्रीमंत! भूगोलाचा त्रास खोटा नाही. हिवताप कामाचे दिवस खातो. पण सिंगापूर 1982 मध्ये हिवतापमुक्त ठरलं. आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशाला तर समुद्रच नाही. 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा अत्यंत गरीब. पुढच्या वर्षी ओरापाला हिरे सापडले, सरकारने तो पैसा रस्ते-शाळांत घातला आणि देश वर आला. हिरे काँगोकडेही आहेतच की, तरी तो गरीबच; म्हणजे फरक कारभाराचा, उन्हाचा नाही.

आणि काका, कर्कवृत्त उज्जैनच्याही उत्तरेकडून जातं, म्हणजे इंदूर उष्ण पट्ट्यातच. तिथल्या सराफा बाजाराच्या खाऊगल्लीत मध्यरात्री भुट्ट्याचा कीस परतणाऱ्याला सुस्त म्हणून बघा.